काळं पडलं

“काळं पडलंऽऽ! काळं पडलं!”

मंगळवारी सकाळी ही आरोळी उठली की मठाच्या अंगणात हलगी कडाडायची. बायका पदर खोचून पुढे घुसायच्या, म्हातारे काठ्या उंचावून नाचायचे, गुलाल उधळला जायचा आणि जिचं ‘पडलं’ त्या बाईला खुर्चीत बसवून पाच सवाष्णी तिची ओटी भरायच्या. परगावच्या माणसाला वाटावं, सरपंचाची निवड झाली, नाहीतर कुणाचा बैल शर्यतीत पहिला आला. तसलं काही नसायचं. त्या बाईला सकाळी काळ्या रंगाची शौच झालेली असायची. एवढंच.

जगात माणसं कशाकशाचा उत्सव करतात मला ठाऊक नाही. आमच्या गावानं शौचाचा केला. वडूजजवळचं आमचं गाव काही रानात पडलेलं नाही. हायस्कूल आहे, दूध डेअरी आहे, निम्म्या घरांतली पोरं फौजेत आहेत, हाताहातांत मोबाईल आहेत. अशा गावात एक धडधाकट माणूस पाटावर बसून परक्या बायकांना विचारायचा, “पडलं का?” आणि बायका लाजून मान हलवायच्या. मी या गावात विज्ञान शिकवतो. नेमकं कुणाला शिकवतो, हा प्रश्न त्या वर्षी मला बऱ्याचदा पडला.

पाटावरचा माणूस म्हणजे नानासो, अलीकडचे नानामहाराज. पूर्वी हा तासगावात एका औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभा असायचा. मालकानं त्याला हाकलला, का ते कुणाला माहीत नाही. गावात परतला तो कफनी घालून आणि केस वाढवूनच. ओढ्याकाठी पत्र्याचं शेड टाकलं, धुनी पेटवली आणि मठ तयार झाला.

त्याची पद्धत मात्र नामी होती. बाई समोर बसली की तो आधी अंगठ्यानं तिची खालची पापणी ओढून बघायचा. मग डोळे मिटून विचारायचा, “बाई, चढ चढताना दम लागतो?”

“व्हय जी.”

“उठून हुबं ऱ्हायलं की डोळ्यापुढं अंधारी येती?”

“व्हय जी, लय येती.”

मग आवाज खाली आणून, “आन् चोरून माती खावीशी वाटती. व्हय का न्हाई?”

इथं बाई शहारायची. ती चुलीतली भाजकी माती खाते, हे तिच्या नवऱ्यालासुद्धा माहीत नसायचं. या माणसाला कसं कळलं? ती तिथंच पायावर डोकं ठेवायची. रक्तात लोह कमी पडलं की पापणी आतून पांढरी दिसते, दम लागतो आणि माती, खडू, कच्चे तांदूळ खायची वासना होते, हे औषधाच्या दुकानात दहा चिठ्ठ्या वाचणाऱ्या माणसालाही कळतं. पण हे तिला कोण सांगणार?

“तुज्या रक्तात कुणीतरी काळं कालवलंया,” महाराज सांगायचा. “हा अंगारा घे. आन् दवाखान्यात लाल गोळ्या देत्यात न्हवं? त्या बी चालू ठेव. डॉक्टर बी देवाचंच लेकरू हाय. दोनी मिळून रेटा बसला की काळं खालनं भाईर पडंल.”

या शेवटच्या वाक्यानं गाव जिंकलं. दवाखाना बंद करा म्हणणारा बाबा असता तर चार शिकलेल्यांनी नाक मुरडलं असतं. हा तर डॉक्टरला देवाचं लेकरू म्हणतो! आमचे मुख्याध्यापक, बँकेतले साहेब, ग्रामसेवक, सगळे मठात माना डोलवायला लागले. “महाराज पुरोगामी आहेत,” असं मुख्याध्यापक मला म्हणाले.

लाल गोळ्या म्हणजे लोहाच्या गोळ्या. गोळीतलं थोडंसं लोह आतडी घेतात, उरलेलं तसंच बाहेर पडतं आणि शौचाचा रंग काळा होतो. नर्सबाई गोळ्या देताना हे सांगतेच. पण त्या गोळ्यांनी मळमळतं, म्हणून बायका त्या गोठ्यामागं फेकून द्यायच्या. आता महाराजाची आज्ञा म्हणून नेमानं गिळू लागल्या. दोन-चार दिवसांत काळं पडायचंच. नेमानं गोळी गेल्यामुळे पुढे दोन-तीन महिन्यांत अंगात ताकदही यायची. काम लोहाचं आणि नाव नानासोचं. अंगाऱ्यानं अंगदुखी तासाभरात थांबते अशीही ख्याती होती. तिच्याकडे तेव्हा मी फारसं लक्ष दिलं नाही.

मी प्रयोग केला. अंगाऱ्याला हात न लावता लोहाच्या गोळ्या स्वतः खाल्ल्या. व्हायचं ते झालं. मंगळवारी भर अंगणात उभा राहिलो आणि बोललो, “ऐका! मी अंगारा घेतला नाही, नुसत्या गोळ्या घेतल्या, आणि माझंही काळं पडलं. काळं गोळीचं आहे!”

मग पुढच्या रांगेतल्या हरणाबाईनं गालावर हात मारला. “अगं बया! मास्तरावर बी कुणीतरी केलंया की!”

“म्यां हितनंच वढलं त्येचं,” महाराज डोळे न उघडता म्हणाला. “न मागता दिलं. लेकरू हाय.”

हलगी कडाडली. मला खुर्चीत बसवायला चार जण धावले. गुलालानं माखलेला मी सायकल ढकलत घरी आलो आणि बायकोनं विचारलं, “कुठली निवडणूक जिंकली?”

इथवर गोष्ट हसण्यासारखी आहे. माझी थोरली बहीण विजयमाला याच गावात दिलेली. तिला मी विजाक्का म्हणतो. तिचा नवरा लालासाहेब, फौजेतून सुभेदार होऊन आलेला, ताठ कण्याचा, हुकूम पाळणारा आणि हुकूम देणारा. मुलगा ऋषिराज सीमेवर. घरात सून शिवांजली, सासूला आत्या आणि सासऱ्याला आबा म्हणणारी. अक्काच्या गर्भाशयात गाठी होत्या आणि कित्येक वर्षं दर महिन्याला तिचं भरमसाठ रक्त जात होतं. बाईच्या जातीला चालायचंच, असं म्हणत तिनं ते काढलं. शेवटी एकदा रानात चक्कर येऊन पडली तेव्हा आम्ही तिला सांगलीला नेलं आणि तिथं गर्भाशय काढण्याचं मोठं ऑपरेशन झालं.

ऑपरेशन उत्तम झालं. डॉक्टर भार्गवी वॉर्डात आल्या, अक्काची पापणी बघितली आणि आम्हाला बाजूला घेतलं.

“ह्यांचं रक्त आधीच कमी होतं, त्यात ऑपरेशनमध्ये आणखी गेलं. हिमोग्लोबिन साडेसातवर आलंय. गोळ्यांनी हा खड्डा भरायला फार काळ लागेल. शिवाय एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर आतडी गोळीतलं लोह नीट घेत नाहीत. म्हणून लोह सरळ शिरेतून देऊ. आज एक बाटली, पुढच्या आठवड्यात दुसरी. गोळ्या आता पूर्ण बंद.”

“लगेच ताकद येईल?” मी विचारलं.

“नाही. बाटलीतून रक्त जात नाही, रक्त बनवायचं सामान जातं. बनवायला शरीराला काही आठवडे लागतात. तेवढा धीर धरा.”

सलाईनमधून लोह उतरू लागलं. गुळाच्या कोऱ्या चहासारखा गडद रंग. लालासाहेब कमरेवर हात ठेवून नळीकडे टक लावून बघत होते. “मॅडम, ह्ये काळं पानी कसलं?”

“लोह आहे, काका. गंजाला असतो तसा रंग.”

“आमी लोखंड खांद्यावर वागवलं, हिला शिरंत वागवाय लागतंय,” असं म्हणून ते हसले. अक्काही हसली. तिचं ते हसणं मला फार बरं वाटलं.

अक्का घरी आली आणि बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. आमच्या गावात तोवर आजारी बाईला कसं काय असं विचारायची पद्धतच मोडली होती. उंबऱ्यातूनच सवाल यायचा, “काळं पडलं का?” अक्का नाही म्हणायची. गोळ्याच बंद, तर पडणार कुठून? पण शेजारणींची तोंडं काळवंडायची. हरणाबाईनं तर हिशेबच मांडला. “बाटलीतनं काळं पानी आत सोडलं, व्हय ना? समद्यांनी डोळ्यांनी बघितलं. मग आत गेल्यालं भाईर यायला नगं? आतच बसलं म्हंजी?”

हा हिशेब गावाला पटला. लालासाहेबांनाही पटला, कारण फौजेत आत गेलेल्या प्रत्येक माणसाची बाहेर पडताना नोंद असते.

मी ओरडलो, समजावलं, फळ्यावर काढतो तशी आतडी कागदावर काढून दाखवली. “दाजी, शिरेतलं लोह पोटात जातच न्हाई. ते बाहेर पडायचं न्हाई, आतच लागायचंय. त्याच्यासाठीच दिलंय!”

“मास्तर, तुमचं बुकातलं झालं,” लालासाहेब म्हणाले. “गावात एवढ्या बायका बऱ्या झाल्या. एकीचं तरी काळं पडल्याबिगर झालंय का?”

अक्का गादीवरून म्हणाली, “हरी, भांडू नगं रं. टाक्यांबिगर मला काय दुखत-खुपत न्हाई. फकस्त पायात जीव न्हाई.”

“येईल, अक्का. दुसरी बाटली घेतली की येईल. वाट बघ.”

याच आठवड्यात मला शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी साताऱ्याला जावं लागलं. मागे काय घडलं ते शिवांजलीनं नंतर सांगितलं. लालासाहेबांनी ठरवलं की आधीचं काळं बाहेर आल्याशिवाय नवीन काळं आत घालायचं नाही. सांगलीची दुसरी बाटली त्यांनी पुढे ढकलली आणि अक्काला गाडीत घालून मठात नेलं.

महाराजानं पापणी ओढली. “गोळ्या चालू हायत न्हवं?”

“बंद,” लालासाहेब म्हणाले. “मॅडमची ऑर्डर.”

महाराज जरा घुटमळला. त्याचा सगळा चमत्कार त्या गोळीत होता आणि इथं गोळीच नव्हती. “एखादी घ्यायला काय हरकत?”

“ऑर्डर म्हंजी ऑर्डर, महाराज. मॅडमनी बंद म्हटलं, बंद. तुमी काय सांगाल त्ये बी तसंच करू.”

सुभेदारांपुढं महाराज अडकला. वेळ काढायला हवा होता. त्यानं धुनीतून मूठभर राख उचलली, डब्यातली पूड तिच्यात कालवली आणि म्हणाला, “मग अंगारा वाढवाय लागंल. दिवसातनं तीनदा, उपाशी पोटी. वर नुसतं ताक. अन्नाचा कण न्हाई.”

लालासाहेबांनी मोबाईलला गजर लावला. गजर वाजला की अंगारा, गजर वाजला की अंगारा. माझ्या बहिणीचं पोट दोन वरिष्ठांच्या हुकमात सापडलं होतं आणि दोघांचेही हुकूम तंतोतंत पाळले गेले. पहिल्या दिवशी टाक्यांचं दुखणं थांबलं, पाठ मोकळी झाली. घर खूष. मग पोटात आग पडायला लागली. “काळं हाललंय,” महाराज म्हणाला. मग तिला उभं राहवेना. “जागा सोडतंय,” महाराज म्हणाला.

मंगळवारी मी प्रशिक्षणाच्या वर्गात होतो. शिवांजलीचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. “मामा, आत्यांचं काळं पडलं! आबा गावभर पेढं वाटत्यात!”

“गोळ्या सुरू केल्या का?”

“न्हाई, मामा. एक बी न्हाई.”

मी बाहेर पळालो आणि डॉक्टर भार्गवींना फोन लावला. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या: डांबरासारखी चिकट आहे का, आणि चक्कर येते का. शिवांजलीला विचारून मी दोन्हींना हो म्हटलं.

“सर, शिरेतल्या लोहानं शौच काळी होत नाही. गोळ्या बंद आहेत. मग हे लोह नाही, रक्त आहे. पोटात रक्तस्राव होतोय. सांगलीपर्यंत आणू नका, साताऱ्यात न्या. पण आत्ता, या मिनिटाला.”

लालासाहेबांना फोन लावला. पलीकडून नुसती हलगी. “मास्तर, सोहळा चाललाय, मागनं करतो,” म्हणून त्यांनी फोन ठेवला. शिवांजलीला म्हटलं, आत्याला उचल. ती रडायला लागली. “सवाष्णी उभ्या हायत, मामा. मी एकटी कशी उठवू?” एकशे आठची रुग्णवाहिका दुसऱ्या गावी गेली होती, म्हणून मी जीप भाड्यानं केली आणि ड्रायव्हरला म्हटलं, तुझी जीप मोडली तरी चालेल.

मठाच्या अंगणात शिरलो तर मिरवणूक, आरती उरकून ओटी नुकतीच सुरू झालेली आणि अक्का खुर्चीत. कपाळभर कुंकू, केसांत गुलाल, आणि खाली चेहरा असा पांढरा की कुंकू हवेत लटकल्यासारखं दिसत होतं. गुलालातून घामाच्या धारा उतरत होत्या. तिसरी सवाष्ण ओटी भरत होती. मला बघून अक्काचे ओठ हलले.

“हरी, पानी दे रं.”

मी तिच्या काखेत हात घातला तर हरणाबाईनं माझं मनगट धरलं. “मास्तर, दोघी ऱ्हायल्यात. ओटी अर्धी ठिवून उठवू नगा. अपशकुन हुईल.”

“मरतीय ती! रक्त जातंय तिचं आतनं!”

“दोन मिंटं, मास्तर,” लालासाहेब म्हणाले. हातात पेढ्यांचा खोका. “एवढ्या दिसानं पडलंय. दोन मिंटांनी काय हुतंय?”

मी ढकलाढकली केली. चौघांनी मला मागे ओढून धरलं. त्यांतले दोघे माझेच जुने विद्यार्थी होते आणि ‘सर, सर’ म्हणत धरत होते. चौथी सवाष्ण झाली. महाराज पाटावर हात जोडून बसला होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नाटकी मेला, असं मला वाटलं.

पाचवीनं खण-नारळ पुढे केला आणि अक्का खुर्चीतून खाली कोसळली. हातपाय थरथरले, डोळे वर गेले.

“अंगात आलं! आईसाहेब आल्या!”

हलगीनं वेग धरला. बायका घुमू लागल्या. माझी बहीण रक्तावाचून बेशुद्ध पडली होती आणि लोक तिच्या पायांवर डोकी ठेवत होते. एकीनं तिला विचारलं, माझ्या लेकाला नोकरी कधी लागंल? उत्तर मिळेना म्हणून तिनं आणखी मोठ्यानं विचारलं.

शिवांजलीनं हलगीवाल्याच्या हातातून काडी हिसकावली तेव्हा कुठे गोंधळ थांबला. आम्ही अक्काला जीपमध्ये घातलं. साताऱ्याच्या रुग्णालयात तिला रक्ताच्या पिशव्या लावल्या, पोटात नळी घातली, दुर्बीण घातली. जठरात नखाएवढी जखम होती आणि तिच्यातून रक्त पाझरत नव्हतं, उसळत होतं. त्यांनी ते थांबवलंसुद्धा. पण ऑपरेशननं आधीच रिकामं झालेलं शरीर, त्याला गमवायला काही उरलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या सुमारास अक्का गेली.

तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला विचारलं होतं, “वेदनाशामक गोळ्या किती दिवस देताय?”

“एक बी न्हाई,” लालासाहेब म्हणाले. “फकस्त अंगारा.”

डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि मला त्या तासाभरात थांबणाऱ्या अंगदुखीची ख्याती आठवली.

सावडायच्या दिवशी अंगणात माणूस मावत नव्हतं. लालासाहेब भिंतीला टेकून बसले होते. कणा पहिल्यांदाच वाकलेला. आणि नानासो आला. बोलावलं नव्हतं, तरी आला. लोकांनी वाट करून दिली, पाट मांडला.

“काळं लय जुनाट हुतं,” त्यानं सुरू केलं. “भाईर पडताना जीव घिऊन गेलं. त्यात दवाखान्यानं बाटलीतनं आनकी काळं घातल्यालं. म्यां शिकस्त केली. पर बाई पुण्यवान. मोकळी हून गेली. गुलालात गेली!”

आजूबाजूला माना हलल्या. हरणाबाईनं डोळ्याला पदर लावला. खरंच, गुलालात गेली.

माझ्या डोक्यात सणक गेली होती. तरी मी आवाज खाली ठेवला. “महाराज, अक्काचा उरलेला अंगारा आहे घरात. तो तुम्ही घ्या. तिच्या जिवाला शांती लाभेल.”

“न्हाई, आज माजा उपास हाय.”

“उपाशी पोटीच घ्यायचा असतो. तुमचंच सांगणं.”

“ज्येचा अंगारा त्येनंच घ्याचा असतो. दुसऱ्याला बाधतो.”

“तुम्हाला? बाधतो?”

लोक चुळबुळले. एवढ्यात लालासाहेब उठले. आत गेले, अंगाऱ्याची पुडी आणि ताकाचा तांब्या घेऊन आले, पुडी तांब्यात पालथी केली, बोटानं ढवळली.

“महाराज, घ्या.”

“सुभेदार, तुमी दुःखात हायसा—”

“म्या तुमचा सबूद मोडला न्हाई. गजर लावून पाजलं तिला. ती नगं म्हनायची, पोट जळतंय म्हनायची, म्या नाक दाबून पाजलं. आता तुमी प्या.” आणि त्यांनी डाव्या हातानं नानासोची मानगूट धरली. फौजेतला हात होता. तांब्या ओठांना लागला, ताक दाढीवर ओघळलं.

नानासोनं दात घट्ट आवळले, मान झाडली आणि किंचाळला, “सोडा! मला चालत न्हाई! पोटात अल्सर हाय माज्या! डॉक्टरनं पेनकिलर बंद केल्यात मला!”

लालासाहेबांनी मानगूट सोडली.

“पेनकिलर?” हरणाबाई म्हणाली. “आन् आंगाऱ्यात?”

मग सगळं बाहेर पडलं. दुकान सोडताना नानासोनं मुदत संपलेल्या वेदनाशामक गोळ्यांचे डबे उचलून आणले होते. त्या कुटून राखेत मिसळायच्या. अंगदुखी गेली की भक्त खूष. तासगावच्या डॉक्टरकडून मात्र तो स्वतःच्या पोटासाठी व्यवस्थित चिठ्ठी लिहून घेत होता. उपाशी पोटी, दिवसातून तीनदा, ऑपरेशन झालेल्या अशक्त बाईच्या पोटात काय होईल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. निदान ठाऊक असायला हवं होतं.

शिवांजली दारातून पुढे आली. एरवी सासऱ्यापुढे ती मोठ्यानं बोलत नाही. “गोळ्या बंद हायत ह्ये तुमाला आबांनी सांगितल्यालं. गोळ्यांनीच काळं पडतं ह्ये तुमाला ठावं हुतं. मग आत्यांचं काळं कुठनं आलं, असं वाटलं न्हाई तुमाला?”

नानासो ओक्साबोक्शी रडायला लागला.

“वाटलं,” तो म्हणाला. “वाटलं, पोरी. गोळी न्हाई आन् काळं पडलं. मी चक्रावलो. मला वाटलं, देव पावला. मला वाटलं, आता माज्यात खरंच कायतरी आलं.”

मठातलं ते त्याचं रडणं नाटक नव्हतं तर. सगळ्या गावात एकच माणूस होता ज्याला ते काळं बघून धडकी भरायला हवी होती. त्यालाच त्यात स्वतःचा पहिला खरा चमत्कार दिसला. वर्षभर गावाला फसवलं आणि नेमकं त्या सकाळी तो स्वतः फसला. त्याच्या भाबडेपणाची मला काडीची कीव आली नाही. अजूनही येत नाही.

लालासाहेबांच्या हातातला तांब्या खाली पडला. ते माझ्याकडे वळले. “मास्तर, मग म्यां पेढं कशाचं वाटलं?”

मला काहीतरी मऊ बोलता आलं असतं. लोकांनी नंतर मला तसं सुनावलंही. पण मी माझ्या बहिणीला खुर्चीत बघितलं होतं.

“तिच्या रक्ताचं, दाजी,” मी म्हणालो. “आन् समद्यांनी खाल्लं.”

पोलीस आले, जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला, नानासोला नेलं. गाडीत बसताना त्यानं पोटदुखीची तक्रार केली आणि हवालदारानं त्याला दवाखान्यात नेलं, तिथं त्याला शिरेतून औषध दिलं. त्यानं तेव्हा बाटलीचा रंग विचारला नाही.

गावात आता म्हणतात, नानासो लबाड निघाला, पण एखादा खरा महाराज असता तर विजयमाला वाचली असती. हे वाक्य ऐकलं की मला वाटतं, फळा पुसावा आणि घरी जावं. पण मी जात नाही. पुन्हा पुन्हा सांगतो. इथंही सांगतो, कारण हे वाचणाऱ्यांच्या घरातही बाया आहेत.

रक्त कमी असणं ही करणी नाही. वर्षानुवर्षं रक्त जात असताना चालायचंच म्हणणं, ती करणी. ती आपणच करतो. लोह कमी असेल तर लोह घ्या, गोळीतून नाहीतर शिरेतून, डॉक्टर सांगतील तसं. गोळीनं शौच काळी होते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही आणि नाचण्यासारखंही नाही. शिरेतून घेतलेल्या लोहानं ती काळी होत नाही. गोळी चालू नसताना काळी, चिकट, डांबरासारखी शौच झाली, तर ते रक्त समजा. राखेत काय मिसळलंय ते न विचारता कुणाच्या पोटात घालू नका. आणि तुमच्यासमोर एखादी बाई पांढरीफटक पडून पाणी मागत असेल, तर तिच्या पाया पडू नका. तिला उचला.